रक्तातली अ‍ॅलर्जी आणि हृदय
खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, की आपण अ‍ॅलर्जी म्हणतो. पण काहींच्या रक्तात दूध, शेंगदाणे अशा पदार्थांतल्या प्रथिनांविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडे असतात आणि ते खाऊनही त्यांना काही होत नाही. अमेरिकेतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्यावर २०२३ साली संशोधकांना आढळले, की अशा लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. सर्वांत ठळक संबंध गाईच्या दुधातल्या प्रथिनांचा.

म्हणजे दुधाने हृदय बिघडते, असे नाही. संबंध दिसला, कारण सिद्ध झालेले नाही. म्हणून लेकरांचे दूध-अंडे तोडू नका, असे आम्ही सांगतो. महागड्या अ‍ॅलर्जी तपासण्यांचे पैसे डाळीला लावा. आपल्याकडे झटका पाश्चात्त्यांपेक्षा पाच-दहा वर्षे आधी येतो. त्यामागची सिद्ध कारणे तंबाखू, बी.पी., साखर. मिश्रीही तंबाखूच, हे आम्हाला बायांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. तिशीनंतर बी.पी. आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते.

खाल्ल्यावर गांधी उठून दम लागला किंवा छाती दाटली, तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. लगेच १०८ ला फोन करा.