वर्गणी काढण्याआधी

प्रश्न : माझे काका निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना कर्करोग झालाय. गावातली मुलं वर्गणी काढू म्हणतात. काढावी का?

उत्तर : थोडं थांबा. काकांना पेन्शन आहे ना? मग आधी त्यांचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड शोधा. २००३ पासूनच्या या योजनेत उपचारखर्चाला कमाल मर्यादा नाही. जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात रोकड भरावी लागत नाही. रेफरलशिवाय परस्पर खासगी रुग्णालय गाठलं की बिल अडकतं. तातडीने भरती करावं लागलं, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. कार्ड काढलेलंच नसेल, तर आजच अर्ज करा. आजार आधीपासून असला तरी सदस्यत्व नाकारत नाहीत.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून गंभीर आजारासाठी अनुदान मिळू शकतं. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. हे कार्यालय अनेकांना फक्त ओळखपत्रापुरतंच आठवतं!

वर्गणी मात्र पूर्ण मोडीत काढू नका. परगावी राहणं, प्रवास, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, हा खर्च घरावरच पडतो. पैसे काकूंच्या खात्यात घ्या, जमाखर्च वहीत लिहा. आणि काकांना विचारल्याशिवाय त्यांचा गणवेशातला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.