काटा ताकद तोलत नाही

‘आम्ही सडपातळ, आम्हांला मधुमेह कसला?’ असे जामसांवलीकडे आम्ही पुष्कळदा ऐकतो. पण काटा चरबी आणि स्नायू वेगळे तोलत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचे वजन उंचीच्या मानाने सारखेच. चरबी मात्र याज्ञिकांची सुमारे २१ टक्के, युडकिनांची ९. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ साली भारतासह १७ देशांच्या पाहणीत हाताची पकड ढिली असणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक दिसला. पकड हे स्नायूंच्या ताकदीचे माप.

म्हणून कंबर मोजा : पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. नांगरणी ट्रॅक्टरने झाली तरी पायी चला, अंगमेहनत सोडू नका. तूरडाळ, चणे, अंडी खा. मागाहून जेवणाऱ्या घरच्या बाईसाठीही ती राखा.