लांकूडकामांतील शिसपेन्सिलीच्या रेघा

सुतारकामाच्या वर्गांत शिसपेन्सिलीवांचून चालत नाहीं. करवतीची रेघ, सांध्याचें माप, फळीच्या दर्शनी बाजूची खूण, हीं सर्व तिनेंच करावयाचीं. परंतु महिनाभर खपून केलेल्या स्टुलावर पॉलिशखालीं एकच काळी रेघ राहून गेली, तरी पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम तिकडेच जाते. आणि पॉलिश चढल्यावर ती निघत नाहीं.

शिसपेन्सील हें नांव मुळांत फसवें आहे. तींत शिसें नसतें. असतें तें ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनाचा एक प्रकार. शेले ह्या रसायनशास्त्रज्ञानें हें १७७९ सालीं दाखविलें. पुढें १७९५ मध्यें फ्रान्समधील कोंते ह्यानें त्याची पूड मातींत मिसळून भाजण्याची युक्ति काढली. हें ग्रॅफाइट पाण्यांत विरघळत नाहीं, स्पिरिटांतहि नाहीं. तेव्हां आपली रेघ म्हणजे मुरलेला डाग नव्हे, तर लांकडाच्या तंतूंत अडकलेली पूड होय. ती उचलून काढावयाची आहे.

पुष्कळ विद्यार्थी आधीं काचकागद हातीं घेतात. त्यामुळें सागवानासारख्या लांकडाच्या छिद्रांत ती पूड अधिकच दाबली जाते व सभोंवतीं करडी छटा पसरते. शिवाय एकाच जागीं घासल्यानें खळगा पडतो. कोऱ्या लांकडावर तो दिसत नाहीं. पॉलिशवर तिरपा उजेड पडला कीं दिसतो.

म्हणून प्रथम स्वच्छ, मऊ, पांढरें रबर घ्यावें व तंतूंच्या दिशेनें हलकेंच फिरवावें. (रबरानें ह्या खुणा पुसल्या जातात, हें प्रीस्टले ह्यानें १७७० मध्यें नमूद केलें, त्यापूर्वीं लोक पावाचा मऊ गर वापरीत.) सुटलेले कण ब्रशानें झाडावे. घामट हातानें पुसल्यास ते पुन्हां चिकटतात. एवढ्यानें न भागल्यास फडक्याचा कोपरा स्पिरिटांत किंचित् भिजवून रेघ टिपावी. स्पिरिट पूड विरघळवीत नाहीं, सैल मात्र करतें. आणि लवकर उडून जात असल्यामुळें पाण्याप्रमाणें तंतु फुगवीत नाहीं. जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. फडकें वरचेवर पालटावें, नाहीं तर एकीकडचें काळें दुसरीकडे लागतें.

काचकागद शेवटीं. तो लांकडी ठोकळ्यास गुंडाळून १५० क्रमांकाचा, मग २२० चा, असा संपूर्ण फळीवर सारखा चालवावा. प्लायवूडचा वरचा थर फार पातळ असतो; तेथें आवरतें घ्यावें.

कठीण पेन्सील दाबून ओढली असेल, तर काळेपणा जाऊनहि चर उरतो. त्यावर ओलें फडकें ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. दबलेले तंतु वाफेनें फुगून वर येतात. वाळल्यावर घासावें. मुळांतच एच्‌बी पेन्सील टोंकदार करून हलक्या हातानें रेघ ओढली, तर हा व्याप पडत नाहीं.

सांध्याच्या आंतील रेघा मात्र पुसूं नयेत. त्या जोडल्यावर झांकल्याच जातात. त्या घासण्याच्या नादांत सांधा ढिला होतो, व असलें स्टूल बसणाऱ्यास केव्हां दगा देईल याचा नेम नसतो.

पालकांसहि एक सूचना. घरच्या जुन्या मेजावर मुलांनीं रेघोट्या ओढल्या असल्यास स्पिरिट लावूं नये. लाखेचें पॉलिश स्पिरिटांतच विरघळतें. रेघेबरोबर तेंहि निघून येईल. तेथें रबर किंवा किंचित् ओलसर फडकें पुरेसें आहे.