कोंबड्यांची वही : निरीक्षणाचा एक धडा



अंगणात दाणे टाकले की कोंबड्यांची झुंबड उडते. पाहणाऱ्याला वाटते, नुसता गोंधळ आहे. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी नॉर्वे देशातील एका लहान मुलाला मात्र तसे वाटले नाही. त्याचे नाव थॉर्लेफ शेल्डेरुप-एब्बे. जन्म १८९४, क्रिस्तियानिया शहरात. याच शहराला पुढे १९२५ मध्ये ओस्लो हे नाव मिळाले. आई-वडील दोघेही शिल्पकार. दहा वर्षांचा असताना त्याने एक वही केली. प्रत्येक कोंबडीला नाव दिले आणि कोण कोणाला टोचते, कोण मागे सरते, हे तो लिहू लागला. मोठेपणी त्याने याच विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि १९२२ मध्ये जर्मनीतील मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

वहीतून काय निघाले?

१) कोणत्याही दोन कोंबड्या घ्या. त्यांतील एक टोचते व दुसरी बाजूला होते. एकदा निकाल लागला की दोघींच्या तो लक्षात राहतो. रोज नवी लढाई होत नाही.

२) अशा सर्व जोड्या मांडल्या की कळपात एक क्रम दिसतो. वरची कोंबडी आधी खाते. बसायची चांगली जागाही तिची. यालाच 'पेकिंग ऑर्डर' म्हणजे टोचण्याचा क्रम म्हणतात. आज हा शब्द माणसांच्या कचेऱ्यांनाही लावतात. मूळ मात्र खुराड्यातले आहे.

३) हा क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला! असा त्रिकोण झाला की तिघींपैकी 'वरची' कोण, हे सांगताच येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सर्व कळले ते एकाच कारणाने. त्या मुलाने कळपाकडे कळप म्हणून पाहिले नाही, तर प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखली. कोंबड्याही एकमेकींना अशाच ओळखतात. १९५३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोंबडीच्या डोक्याचे व मानेचे रूप बदलले, तेव्हा जुन्या सोबतिणी तिच्याशी परकीसारखे वागू लागल्या.

रानातले पक्षी

त्याच काळात रानपक्ष्यांचाही अभ्यास याच रीतीने चालू होता. इंग्लंडमधील एलियट हॉवर्ड हे पोलाद-उद्योगातील गृहस्थ होते. फावल्या वेळात ते पक्षी पाहत. १९२० मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या हद्दीवर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की हिवाळाभर थव्यात गुण्यागोविंदाने राहणारा नर वसंताच्या सुरुवातीला आपली जागा धरतो आणि तिथे दुसऱ्या नराला येऊ देत नाही. तोच पक्षी थव्यात परतला की पुन्हा शांत! म्हणजे भांडखोरपणा केवळ स्वभावात नसतो, जागेवरही अवलंबून असतो.

आपल्याकडचे उदाहरण डॉ. सलीम अली यांचे. १९३० मध्ये ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. हाती नोकरी नव्हती. शिडीवर कापडी आडोसा करून त्यांनी सुगरण पक्ष्याची वसाहत कित्येक महिने पाहिली. आपण 'सुगरण' म्हणतो, पण खोपा विणणारा असतो नर. मादी अर्धवट खोपा पाहायला येते, पसंत पडला तर त्यात राहते. मग नर तो पूर्ण करतो आणि दुसरा खोपा विणायला घेतो. कोणता खोपा कोणत्या नराचा, याची नोंद ठेवल्याशिवाय हे उमगले नसते.

कुक्कुटपालनाला उपयोग

अमेरिकेत गूल व ॲली या दोन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. काही कळप तसेच ठेवले, काहींतील कोंबड्या ठराविक काळाने बदलत राहिल्या. स्थिर कळपात टोचाटोची कमी झाली, कोंबड्यांनी खाद्य अधिक खाल्ले आणि अंडीही अधिक दिली. सतत बदलणाऱ्या कळपाची शक्ती भांडणात गेली. म्हणून जाणते कुक्कुटपालक वेगवेगळ्या तुकड्या उगीच एकत्र करत नाहीत, आणि खाद्याची भांडी पुरेशी ठेवतात. भांडे एकच असेल तर खालची कोंबडी उपाशी राहते. चार ठिकाणी ठेवले तर तिलाही मिळते. क्रम मोडता आला नाही, तरी त्याचा जाच कमी करता येतो.

पालक व विश्वस्तांसाठी दोन शब्द

पालकसभेत मला सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आमचा मुलगा वर्गात कितवा?" कोंबडीचा नियम माणसाच्या मुलाला लावू नये, हे खरे. पण ज्या खुराड्यातून क्रमाची ही कल्पना आली, तिथेही सर्वांना एका ओळीत उभे करता येत नाही. त्रिकोण आठवा. गणितात अ हा ब-च्या पुढे, भाषेत ब हा क-च्या पुढे, चित्रकलेत क हा अ-च्या पुढे. मग पहिला कोण? शिवाय टोचण्याचा क्रम आधी कोण खाणार एवढेच सांगतो, कोणाची योग्यता किती हे सांगत नाही.

दुसरे असे की वर्षाच्या मध्ये बदलीमुळे आलेले मूल नव्या वर्गात एकटे पडते. कोंबडीला तिथे आपली जागा टोचून-टोचवूनच मिळवावी लागते. मुलावर ती वेळ येऊ नये, यासाठी तर शिक्षक आहेत. आणि त्यासाठी शिक्षकाला चाळीस मुलांचा वर्ग नव्हे, चाळीस मुले ओळखावी लागतात. तुकड्यांची संख्या ठरवताना विश्वस्त मंडळाने हे ध्यानात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

करून पाहा

आपल्या इंदुरात कबुतरांना तोटा नाही. दाणे खाणाऱ्या कबुतरांपैकी पाच निवडा. पंखांवरचे पट्टे, मानेचा रंग, पायाची खोड यांवरून त्यांना नावे द्या. दहा दिवस, रोज पंधरा मिनिटे, कोण कोणाला हटवते ते तक्त्यात लिहा. १९३४ मधील अभ्यासात कबुतरांचा क्रम कोंबड्यांइतका पक्का आढळला नव्हता. खालचे कबूतरही कधी कधी उलटून टोचते. तुम्हांला काय दिसते? निरीक्षण दुरूनच करावे. पक्ष्यांना किंवा त्यांच्या विष्ठेला हात लावू नये.

तक्ते विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावेत. जे दिसले तेच लिहावे. जे दिसले नाही, तो रकाना मोकळा सोडावा.