वाकलेली पाठ

माझी आई तरुणपणी डोक्यावर घागर व कमरेवर कळशी घेऊन विहिरीची चढण सहज चढून येत असे. तीच आई सत्तरीत फडताळातील डबा काढण्यासाठी चवड्यांवर उभी राहू लागली. "फडताळ वर गेले की मीच खाली आले?" असे ती हसून विचारी. मुलांनो, फडताळ होते तेथेच होते. आईची उंची खरोखरच कमी झाली होती.

हाड म्हणजे एक निर्जीव दांडा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हाड सजीव आहे. त्यातील काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, तर दुसऱ्या पेशी त्या जागी प्रथिनांचे जाळे विणून त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार भरतात. जुन्या वाड्याची डागडुजी जशी कधी संपत नाही, तसेच हे काम जन्मभर चालते. बालपणी व तारुण्यात भरणी अधिक आणि पोखरणी कमी असते. म्हणून तिशीच्या सुमारास हाडे सर्वांत भरीव असतात. पुढे हा हिशेब हळूहळू उलटतो. स्त्रियांच्या शरीरात पन्नाशीच्या आसपास एका संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि काही वर्षे ही झीज फार झपाट्याने होते. हाड आतून सच्छिद्र बनते. पाठीच्या कण्यातील मणके दबतात, त्यांमधील मऊ चकत्या सुकून पातळ होतात, आणि पाठीला बाक येतो.

स्नायूंचीही तीच गत. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारणतः ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव असा होतो. त्यातही चपळ हालचाली करणारे तंतू आधी बारीक होतात. पाय घसरला असता तुम्ही क्षणात तोल सावरता, तो याच तंतूंच्या बळावर. म्हाताऱ्या माणसाचा तोल सावरत नाही, आणि पोकळ झालेले हाड तो आघात सोसत नाही.

आईचे तसेच झाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती मोरीत पडली आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. त्याआधी चार वर्षे आम्ही मुलांनी मोठ्या प्रेमाने तिची सर्व कामे बंद केली होती. "आता बसून राहा," असे आम्ही म्हणत असू. ती कुरकुरे, आम्ही ऐकत नसू.

ती गेल्यानंतर बोस्टन येथील एका प्रयोगाचा वृत्तांत माझ्या वाचनात आला. नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून तेथे आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम, अर्थात देखरेखीखाली, करवून घेतला होता. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. मांडीचे स्नायूही भरले. स्नायू नव्वदीतही हाकेला ओ देतात, हे मला तेव्हा कळले.

तो प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला होता. आईच्या हातातील सूप आणि पाटा-वरवंटा आम्ही काढून घेतला, तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.