यंत्र बोलते, की माणूस?

११ मार्च १८७८. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एडिसनचा फोनोग्राफ मांडला होता. यंत्र दिसायला अगदी साधे. पितळेचे एक नळकांडे, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा पातळ वर्ख आणि फिरवायला दांडा. एडिसनच्या प्रतिनिधीने यंत्राजवळ तोंड नेऊन एक वाक्य उच्चारले, सुई पुन्हा आरंभी आणून ठेवली व दांडा फिरवला. तेच वाक्य बारीक, किनऱ्या आवाजात यंत्रातून ऐकू आले! सभासद थक्क झाले. पण काहींना वाटले, हा गृहस्थ ओठ न हलवता स्वतःच बोलत आहे. बोलक्या बाहुल्यांच्या खेळातला शब्दभ्रम तो हाच!

या संशयी मंडळींत डॉ. बुइयो होते. त्यांना हसण्यापूर्वी थोडे थांबा. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली तर माणसाची वाचा जाते, हे त्यांनी १८२५ सालीच मांडले होते. बोलण्यासाठी मेंदू, कंठ, जीभ, ओठ यांना किती नाजूक कामे करावी लागतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ते काम धातूचा पत्रा करील, हे त्यांना पटेना. खगोलशास्त्रज्ञ फ्लामारिअन यांनी लिहून ठेवले आहे की, सहा महिन्यांनंतरही बुइयोंचे मत तेच होते.

त्यांची चूक कोठे झाली? यंत्र बोलतच नव्हते. एक फुगा फुगवून बोटांच्या टोकांनी धरा आणि त्याच्याजवळ मोठ्याने बोला. बोटांना थरथर जाणवेल. शब्द तोंडाबाहेर पडला की तो हवेतला कंप होतो. मग त्याला जिभेची गरज उरत नाही. फोनोग्राफमध्ये हा कंप एका पातळ पडद्यावर आदळे. पडद्याची सुई वर्खावर कमीअधिक खोल खळगे पाडी. त्याच खळग्यांवरून सुई पुन्हा गेली की पडदा पूर्वीसारखाच कापे. (वर्ख मात्र थोड्याच वेळा वाजवून निकामी होई.)

संशय अमेरिकेतही होता. एडिसनने सांगितलेली एक हकीकत आहे. जॉन व्हिन्सेंट नावाचे धर्मोपदेशक त्याच्या प्रयोगशाळेत आले. आपणच बोलून पाहू का, असे त्यांनी विचारले आणि बायबलमधील अवघड नावे भराभर म्हणून टाकली. यंत्राने ती जशीच्या तशी म्हणून दाखवली. तेव्हा पाहुणे म्हणाले, आता खात्री पटली. इतक्या वेगाने ही नावे म्हणणारा दुसरा माणूस साऱ्या अमेरिकेत नाही.