निकालानंतरचा हिशेब

स्पर्धा परीक्षांच्या वाटेवर वर्षं काढलेली माणसं तयारीबद्दल भरभरून बोलतात. कोणतं पुस्तक वाचायचं, सराव चाचण्या किती द्यायच्या, टिपणं कशी काढायची, सगळं सांगतात. यादीत नाव नसेल तर पुढचे काही आठवडे स्वतःशी कसं वागायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये त्याचा एक अलिखित रिवाज आहे. नाव नाही म्हणजे आपण कमी पडलो, आणि कमी पडलो म्हणजे शिक्षा हवी. मग झोप तोडायची, मेसचा एका वेळचा डबा बंद करायचा, घरचे फोन टाळायचे, मित्राच्या लग्नालाही जायचं नाही. या साऱ्याला जिद्द म्हणण्याची पद्धत आहे. माझा अनुभव विचाराल तर हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तोटा आधी अभ्यासाचाच होतो. पडत्या काळात स्वतःशी दयेने वागता येणं हा तयारीचाच भाग आहे, आणि तोही शिकावा लागतो.

आधी आकडे पाहू. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोचले २,८५५ आणि नियुक्तीसाठी शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे तिन्ही टप्पे गाठूनही १,८३९ जण यादीबाहेर राहिले. जागा आधी ठरतात. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला असता तरी यादी तेवढीच राहिली असती, फक्त कट-ऑफ वर गेला असता. अशा परीक्षेत न निवडलं जाणं हा बहुतेकांच्या वाट्याला येणारा अनुभव आहे. तरीही प्रत्येक जण तो आपल्या एकट्याचा कलंक समजून खोलीचं दार लावून घेतो. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची तीन अंगं मांडली. स्वतःशी मायेने वागणं, आपलं दुःख इतरांच्याही वाट्याला येतं याची जाण ठेवणं, आणि वेदना नाकारल्या किंवा फुगवल्याशिवाय त्यांच्याकडे पाहणं. वरचे आकडे नीट वाचले तर यातल्या दुसऱ्या अंगासाठी वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. स्वतःला असं गोंजारलं तर माणूस ढिला पडणार नाही का? शंका रास्त आहे, आणि ती तपासून पाहिली गेली आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधकांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची मुद्दाम अवघड चाचणी दिली. त्यानंतर एका गटाला सांगितलं, की ही चाचणी अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाची हुशारी वाखाणली, तर तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. हे संशोधन २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१०मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं होतं, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. हे प्रयोग छोटे आणि थोड्या काळापुरते होते. स्वतःशी गोड बोलल्याने पद मिळतं, असं त्यांतून सिद्ध होत नाही. पण दया दाखवली की आळस येतो, या ठाम समजुतीला तडा जायला ते पुरेसे आहेत.

असं का होत असावं? कारण चूक शोधायची तर चुकीकडे पाहावं लागतं, आणि जिथे फटके बसणार तिथे मन डोळे उघडत नाही. उदाहरणार्थ, पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. सीसॅट या पात्रतेपुरत्या पेपरमध्ये ३३ टक्के मिळाले नाहीत, तर सामान्य अध्ययनातल्या चांगल्या गुणांचाही उपयोग होत नाही. अंदाजाने ठोकलेली उत्तरं किती, सीसॅटला वेळ किती दिला, याची उत्तरं सापडतात आणि त्यावर कामही करता येतं. ‘माझ्यातच काही दम नाही’ या वाक्यावर कसलंच काम करता येत नाही. कृतीचं मूल्यमापन जरूर करा, पण त्यावरून सबंध माणसाला गुण देऊ नका, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगत. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत आणली. त्या विचारात जबाबदारीतून सुटका नाही. उलट चुकीची जबाबदारी निवांत डोक्याने घेता येते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. बापाने सोसायटीचं कर्ज काढून पैसे पाठवायचे, आणि इथे आम्ही स्वतःची काळजी घेत बसायचं? ही टोचणी खोटी नाही, आणि ती बोलून घालवूही नये. पण उपाशी राहिल्याने कर्जाचा एकही हप्ता फिटत नाही. घरच्यांचं खरंच देणं लागत असू, तर ते खऱ्या माहितीचं. किती गुणांनी राहिलं, आणखी किती प्रयत्न करायचे, तोवर खर्च किती येईल, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. स्वतःला दोषी ठरवलेल्या माणसाला हेच जमत नाही. थांबणंही त्याला जमत नाही, कारण थांबलं तर ‘मी नालायक’ हा निकाल कायमचा होईल अशी त्याला भीती वाटते. वयाची ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न ही खुल्या गटासाठी नियमाची मर्यादा आहे. ती संपेपर्यंत प्रयत्न करतच राहिलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. परीक्षा लांबणं, पेपर फुटणं, भरती रखडणं यांवर मनाची दया हा उपाय नव्हे, त्यासाठी भांडावंच लागेल. पण भांडायलाही माणूस धडधाकट हवा.

म्हणून निकालाच्या आठवड्यात पुढचा कोणताही निर्णय घेऊ नये. जेवण आणि झोप यांना शिक्षेच्या यादीतून वगळावं. पहिल्याच दिवशी घरी फोन करावा, कारण रोज टाळत गेलं की तो अधिक जड होतो. धाकट्या भावाला जे बोललो नसतो, ते स्वतःला बोलू नये. डोकं शांत झालं की एका कागदावर गुण, चुका आणि उरलेले पैसे मांडावेत, आणि आणखी किती प्रयत्न करायचे तो आकडा पुढचा अर्ज भरण्याआधी ठरवावा. जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र कागद-पेन बाजूला ठेवून लगेच जवळच्या माणसाला गाठावं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. पुढचा प्रयत्न करायचा की वाट बदलायची, हे प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने ठरवावं. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. फक्त ते स्वतःला शिक्षा म्हणून घेतलेले नसावेत.